वाळवंटातला फोटो: टेकडी सपाट का दिसतेय? एडिटिंगसाठी सूचना हव्यात

वाळूरेषा

फोटो जोडला आहे. रॉ फाईलही (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न झालेली) ठेवली आहे, ज्यांना वेळ असेल त्यांनी उघडून पाहावी.

फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल (६००० × ४०००), २० मिमी, एफ/१६, १/१५ सेकंद, आयएसओ १००, ट्रायपॉड, पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर). सूर्य उगवून पाऊण तास झालेला, ऊन डावीकडून आणि किंचित पाठीमागून. व्हाइट बॅलन्स (रंगाची ऊब-थंडी ठरवणारा आकडा) ऑटो, म्हणजे ४१०० केल्विन.

लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) केलेले बदल: एक्स्पोजर +०.३०, कॉन्ट्रास्ट +२५, हायलाइट्स -६०, शॅडोज +७५, क्लॅरिटी +४०, डीहेझ +३५, व्हायब्रन्स +२०, सॅच्युरेशन +२५, शार्पनिंग ९०, रेडियस १.५.

अडचण अशी की टेकडीला उठाव नाही. नागमोडी धार आहे, वाळूवर लहरी आहेत, पण सगळं एकाच पातळीवर चिकटवल्यासारखं दिसतं. रंग भडक झालेत हे दिसतंय, पण सॅच्युरेशन कमी केलं की फोटो मळकट होतो. स्पष्ट लिहा.

निळीसावली

रॉ उघडून पाहिली. जमलेलं आधी सांगते: वेळ आणि उभं राहण्याची जागा अचूक निवडली आहे. ऊन वाळूला घासून जातंय, त्यामुळे प्रत्येक लहरीला एक उजळ आणि एक काळी कड मिळाली आहे. धार खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ सुरू होते आणि दोन वळणं घेऊन शिखरापर्यंत जाते. उठाव रॉमध्ये आहे, एडिटिंगमध्ये गेलाय.

वाळूला स्वतःचे असे ठळक तपशील नसतात. झाडाला पानं असतात, खडकाला भेगा असतात, वाळूचा आकार मात्र फक्त उजेड आणि सावली यांच्या फरकातून कळतो. तुमच्या रॉमध्ये उन्हातली वाळू ७४ टक्क्यांच्या आसपास वाचली जाते (० म्हणजे काळं, १०० म्हणजे पांढरं) आणि धारेपलीकडची सावली १९ टक्के. एडिट केलेल्या फोटोत हेच आकडे ७६ आणि ४१ आहेत. शॅडोज +७५ ने सावली उचलली आणि टेकडीची दुसरी बाजूच गायब झाली. मग क्लॅरिटी आणि डीहेझने ती परत आणायचा प्रयत्न झाला, पण ही दोन्ही साधनं कडांपाशी काम करतात, मोठा आकार त्यांनी घडत नाही.

म्हणून पहिलं काम: शॅडोज शून्यावर. सावलीत काही दिसायलाच हवं असं वाटत असेल तर +१० ते +१५, त्यापुढे नको. ती सावली २२ ते २५ टक्क्यांवर राहू द्या. त्याच वेळी ब्लॅक्सचा स्लायडर खेचून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) डाव्या भिंतीला टेकवायचाही मोह नको. वाळवंटात खरा काळा रंग फारसा नसतो, कारण सावलीत आकाशाचा आणि आजूबाजूच्या वाळूचा उजेड पोचतच असतो.

दुसरं, व्हाइट बॅलन्स. मळकटपणाचं मूळ इथे आहे. अख्खी फ्रेम पिवळ्या-नारिंगी वाळूने भरलेली, त्यात सकाळचं ऊन. ऑटोला वाटलं की हा रंगदोष आहे आणि त्याने तो पुसून टाकला. ४१०० वर वाळू राखाडी झाली, सावली गडद निळी झाली. मग सॅच्युरेशन वाढवल्यावर वाळू लिंबासारखी आणि सावली जांभळी झाली. ५२०० ते ५५०० वर जा, टिंट +६ च्या जवळपास ठेवा, आणि व्हायब्रन्स, सॅच्युरेशन दोन्ही शून्यावर आणा. मळकटपणा गेलेला दिसेल.

एक जपा. सावली पूर्ण तटस्थ करू नका. उन्हातल्या वाळूवर पिवळा उजेड पडतो आणि सावलीतल्या वाळूवर मुख्यतः निळ्या आकाशाचा. सावली थोडी थंड राहिली तरच उन्हाची ऊब जाणवते. सावलीवर कर्सर नेऊन पाहा: लाल २२, हिरवा २१, निळा २५ असं काहीसं दिसलं तर जागेवर आहे.

कडबारीक

धारेलगत आकाशात पांढुरकी रेघ आहे, ती १०० टक्क्यांवर नीट दिसते. साधारण १२ पिक्सेल रुंद. तीन गोष्टींनी मिळून ती केली आहे. क्लॅरिटी शेजारच्या भागाशी तुलना करून फरक वाढवते, त्यामुळे काळ्या सावलीला लागून असलेलं आकाश आणखी उजळतं. शॅडोज +७५ तेच करतं. त्यावर रेडियस १.५ चं शार्पनिंग.

डीहेझ संपूर्ण फोटोवर लावू नका. क्लॅरिटी लावायचीच तर फक्त वाळूवर: सिलेक्ट स्काय करून मास्क (बदल कुठे लागू होईल ती निवड) उलटा करा, क्लॅरिटी +१०, टेक्श्चर +२५. लहरींसाठी टेक्श्चरच योग्य, कारण ते मधल्या आकाराच्या तपशिलांवर काम करतं आणि मोठ्या कडांना फारसा हात लावत नाही. मग धारेवरून एक बारीक ब्रश वजाबाकीत फिरवा, म्हणजे मास्कची कड आणि टेकडीची धार एकमेकींवर येणार नाहीत.

शार्पनिंग: अमाउंट ४५, रेडियस ०.८, डिटेल ३०, मास्किंग ५०. मास्किंगचा स्लायडर हलवताना ऑल्ट दाबून ठेवा. आकाश पूर्ण काळं आणि लहरी पांढऱ्या दिसल्या की थांबा.

मुळात एफ/१६ ची गरज नव्हती. हिरव्या उजेडासाठी एफ/१६ वर विवर्तनाचं वर्तुळ (लेन्सच्या बारीक छिद्रातून उजेड पसरून होणारा ठिपका) सुमारे २१ मायक्रॉनचं होतं आणि तुमचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा आहे. म्हणजे एक बिंदू साडेतीन पिक्सेलवर पसरतो. २० मिमीला एफ/८ वर १.७ मीटरवर फोकस केला तर साधारण ८५ सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वीकारण्याइतकं स्पष्ट येतं. अगदी काटेकोर हवं असेल तर एफ/११. एफ/१६ चा दुसरा तोटा असा की सेन्सरवरची धूळ ठसठशीत उमटते. आकाशात मला चार ठिपके दिसले.

कोनमापक

क्षितिज १.२ अंशांनी उजवीकडे कललंय. वाळवंटात नजर फसते, कारण दूरच्या टेकड्यांची रेषा खरं क्षितिज नसते. उजव्या टोकाला टेकड्यांच्या मागे सपाट मैदानाची बारीक पट्टी आहे, तिच्यावर स्ट्रेटनची रेघ ओढा.

ट्रान्सफॉर्ममधला आस्पेक्टही वापरलेला दिसतोय, टेकडी उंच वाटावी म्हणून. तो काढा. कोरडी वाळू साधारण ३० ते ३४ अंशांच्या उतारावर स्थिरावते, त्याहून उभी झाली की घसरते. त्यामुळे वाऱ्याआडची बाजू बाजूने पाहिली तर तिची रेघ यापेक्षा उभी दिसायला नको. उंची चौथ्या हिश्श्याने ताणली की ३३ अंशांची घसरण ३९ अंशांवर जाते. बघणाऱ्याला आकडा सांगता येणार नाही, पण वाळू वाळूसारखी वाटत नाही हे त्याला लगेच कळतं.

वाळूरेषा

हो, आस्पेक्ट वापरला होता. इथे लिहायचा राहिला. काढतो.

शॅडोज शून्यावर आणि ५४०० केल्विन एवढे दोनच बदल करून पाहिले, फरक खूप आहे. पण आता उन्हातली वाळू शिखराजवळ सपाट पिवळी दिसतेय, तिथल्या लहरी पुसल्यासारख्या. हायलाइट्स -६० वरच आहे. आणखी खाली आणू का?

रंगपेटी

नको, हायलाइट्सने ते सुटणार नाही. तिथे रेड चॅनल (लाल रंगाचा आकडा) कमाल मर्यादेला भरलाय. शिखरावर कर्सर ठेवा: लाल ९९.६, हिरवा ८१, निळा ५२. एकूण उजेडाचा हिस्टोग्राम बघितला तर सगळं आटोक्यात वाटतं, कारण हिरवा अजून ८१ वर आहे. पण लहरीची उजळ कड आणि तिच्या शेजारचा भाग दोन्हीकडे लाल एकाच कमाल आकड्यावर टेकला की त्या दोहोंतला फरक फक्त हिरव्या-निळ्यात उरतो. लाल वाढू शकत नाही आणि हिरवा वाढत राहतो, म्हणून नारिंगी रंग पिवळ्याकडे झुकतो. सकाळ-संध्याकाळच्या वाळूत हे हमखास होतं.

रॉमध्ये लाल शाबूत आहे, तपासलं. हे एडिटमध्ये झालंय. क्रमाने असं करा:

१. एक्स्पोजर +०.३० वरून ०.०० वर. कॅमेरा प्रोफाईल लँडस्केप असेल तर न्यूट्रल घ्या, लँडस्केप प्रोफाईल मुळातच लाल-नारिंगी रंग चढवतं.

२. कॉन्ट्रास्टचा स्लायडर शून्य. त्याऐवजी फोटोशॉपमध्ये कर्व्हचा थर, ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी. ६४ चा बिंदू ५६ वर, १९२ चा १९९ वर. साध्या कर्व्हने कॉन्ट्रास्ट वाढवला की सॅच्युरेशनही वाढतं, ल्युमिनॉसिटी मोडमध्ये ते होत नाही.

३. एचएसएलमध्ये (प्रत्येक रंगाची छटा, गडदपणा आणि उजळपणा बदलणारे स्लायडर) यलो ह्यू -१०, म्हणजे पिवळा जरा नारिंगीकडे जातो. ऑरेंज सॅच्युरेशन -८, ऑरेंज ल्युमिनन्स -१०. वाळूचा रंग गहिरा करायचा तर ल्युमिनन्स खाली आणणं हा सॅच्युरेशन वाढवण्यापेक्षा कितीतरी चांगला उपाय आहे.

एवढं झालं की शिखरावर लाल ९३-९४ च्या पुढे जायला नको.

जाता जाता, प्रत्येक वाळवंट नारिंगी करायची सवय लागू देऊ नका. नामिबच्या वाळूचा तांबूसपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सची वाळू जिप्समची, ती पांढरीच राहायला हवी. तुमची वाळू फिकट बदामी आहे आणि तो रंग सुंदर आहे.

दोनतृतीयांश

क्रॉपबद्दल कोणीच बोललं नाही. क्षितिज वरून ४८ टक्क्यांवर, जवळजवळ मधोमध, आणि वरचं आकाश कोरं आहे. ढग नाही, चंद्र नाही. अर्धी फ्रेम रिकामी. १६:९ करा, सगळी कात्री वरून चालवा. ६००० × ३३७५ उरेल, ६२५ पिक्सेल जातील, क्षितिज ३८ टक्क्यांवर येईल आणि शिखराच्या वर पुरेशी हवा राहील. डावीकडे खाली झुडूप अर्धं कापलं गेलंय. ते पूर्ण असतं तर टेकडी केवढी आहे याचा अंदाज आला असता, अर्धं असल्यामुळे नजर फ्रेमबाहेर जाते. ते काढून टाका.

निळीसावली

मी उभा क्रॉप सुचवेन. ४:५, पूर्ण उंची, उजवीकडून ४०० पिक्सेल सोडून ३२०० × ४०००. झुडूप आपोआप जातं. धार आडव्या फ्रेममध्ये अर्ध्या जागेत संपते, उभ्यात ती खालपासून वरपर्यंत नेते. शिवाय आकाशातला पोलरायझरचा गडद पट्टाही बाहेर जातो, त्याचा उल्लेख अजून झालेला नाही.

दोनतृतीयांश

उभ्यात टेकडीची रुंदी जाते, आणि वाळवंटाचा पसारा हाच तर विषय आहे. छपाईतही ३०० डीपीआयला आडवा फोटो २० इंच रुंद निघतो, उभा पावणेअकरा इंचसुद्धा नाही. इथे मी आडव्याच्या बाजूने.

कडबारीक

पट्ट्याचं कारण: पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो. २० मिमी लेन्स आडव्यात ८४ अंश पाहते. म्हणजे एकाच फ्रेममध्ये परिणाम जास्त असलेलं आणि कमी असलेलं, दोन्ही प्रकारचं आकाश आलं. ऊन डावीकडून किंचित मागून, म्हणून गडद उभा पट्टा मध्याच्या जरा डावीकडे पडला. डीहेझने तो दुप्पट ठळक केला.

आडवा क्रॉप ठेवायचा तर पट्ट्यावर उभट रेडियल मास्क, फेदर १००, सिलेक्ट स्कायशी छेद घेऊन. एक्स्पोजर +०.३५, सॅच्युरेशन -१०. सॅच्युरेशन विसरू नका. पट्टा नुसता गडद नसतो, जास्त निळाही असतो, आणि फक्त उजळला तर निळा डाग राहतो. मास्कच्या आधी लेन्स प्रोफाईलची दुरुस्ती चालू करा. नंतर केली तर कोपरे उजळून सगळा हिशेब बदलतो. पुढच्या वेळी २८ मिमीच्या खाली पोलरायझर काढून ठेवा.

वाळूरेषा

दुसरी आवृत्ती जोडली आहे, १६:९. खाली उजवीकडच्या पावलांच्या ठशांवर हीलिंग ब्रश फिरवला, पण तिथे वाळू चिखलासारखी दिसतेय.

लहरी_मोजणारा

हीलिंग ब्रश उजेड-सावली शेजारच्या भागाशी मिसळून टाकतो. गुळगुळीत आकाशात तेच हवं असतं, लहरींवर तेच घातक. प्रत्येक लहरीची उजळ कड आणि काळी कड एकमेकींत कालवली गेली, म्हणून चिखल.

क्लोन स्टँप घ्या, नव्या रिकाम्या थरावर, सॅम्पल करंट अँड बिलो. ब्रशचा आकार दोन ते तीन लहरींइतका, हार्डनेस ४०-५०, ओपॅसिटी १००. ओपॅसिटी कमी ठेवली तर खालचा ठसा अर्धवट दिसत राहतो आणि वाळूचा कणही मऊ होतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नमुना कुठून घ्यायचा. त्याच लहरीच्या रेषेत डावीकडून किंवा उजवीकडून घ्या. वरून किंवा खालून घेऊ नका, कारण लांब जाताना लहरींमधलं अंतर कमी होत जातं. खालच्या कडेला ते साधारण ९० पिक्सेल आहे, ठशांची रांग संपते तिथे ५५. वरचा तुकडा खाली आणला की लहर मध्येच बारीक होते. आधी लहरीची काळी रेघ जोडून घ्या, मग तिच्या दोन बाजू. दर तीन-चार फटक्यांनी नमुना बदला, नाहीतर तोच खडा चार ठिकाणी उगवतो. झाल्यावर फोटो आडवा उलटा करून ५० टक्क्यांवर पाहा, पुनरावृत्ती लगेच सापडते.

ठसे तेरा आहेत. खालून १२ टक्के कापलं तर पाचच उरतात. आधी कापायचं की पुसायचं ते ठरवा.

स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम वाचा. कित्येक ठिकाणी धुळीचे ठिपके काढलेले चालतात, पण जागेवर असलेली गोष्ट पुसलेली चालत नाही.

मोफतवाला

लाइटरूम नसेल त्यांच्यासाठी: डार्कटेबलमध्ये (मोफत सॉफ्टवेअर) सावली-उजेडाचं काम टोन इक्वलायझरने करा. तो आधी उजेडाचा मऊ मास्क बनवतो, त्यामुळे लहरींचा फरक शाबूत राहतो. मास्कचा एक्स्पोजर आणि कॉन्ट्रास्ट जुळवायला मात्र विसरू नका, न जुळवल्यास सगळे बिंदू एकाच जागी गोळा होतात. रंगासाठी कलर बॅलन्स आरजीबी: शॅडोज किंचित निळ्याकडे, हायलाइट्स किंचित नारिंगीकडे.

निळीसावली

दुसरी आवृत्ती खूप पुढे गेली आहे. धार उभी राहिली. आता डॉज-बर्न (निवडक भाग उजळणं आणि गडद करणं), पण हलक्या हाताने. नवा थर, ५० टक्के राखाडी भरलेला, मोड सॉफ्ट लाइट. ब्रश मऊ, फ्लो ५ टक्के. धारेच्या उन्हाकडच्या बाजूवर, धारेला लागून, पांढऱ्याने दोन-तीन फेऱ्या. धारेपासून दूर जाणाऱ्या उतारावर काळ्याने तेवढ्याच. फक्त आधी असलेला उजेड ठळक करायचा, नवीन उजेड रंगवायचा नाही. तुमचं ऊन डावीकडून आहे. लहरींच्या उजव्या कडेवर पांढरा ब्रश गेला तर दोन सूर्य दिसतील.

खालच्या डाव्या कोपऱ्यातली उजळ वाळू -०.३ ने खाली आणा. व्हिनेट नको. तो चारी कोपरे सारखे दाबतो, इथे गरज एकाच कोपऱ्याची आहे.

वाळूरेषा

तिसरी आवृत्ती जोडली. खालून थोडं कापलं, उरलेले ठसे क्लोनने पुसले, लहरी आता सलग आहेत. दोन प्रश्न. इथे चढवलेला फोटो माझ्या स्क्रीनपेक्षा फिका दिसतोय. आणि आकाशात आडवे पट्टे आलेत, आधी नव्हते.

रंगपेटी

फिका: फाईल अडोबी आरजीबीमध्ये आहे, वेबवर सर्रास चालणाऱ्या एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगश्रेणीत. प्रोफाईल न वाचणाऱ्या ठिकाणी ते आकडे एसआरजीबी समजले जातात आणि रंग उतरतात. एक्स्पोर्टमध्ये एसआरजीबी, लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८५, आणि लहान केल्यानंतरचं स्क्रीन शार्पनिंग, स्टँडर्ड. बदलण्याआधी सॉफ्ट प्रूफ (नव्या रंगश्रेणीत फोटो कसा दिसेल त्याची झलक) चालू करून पाहा, नारिंगी एसआरजीबीच्या बाहेर जात असेल तर तिथेच सॅच्युरेशन -४, -५ करा.

पट्टे: लाइटरूममधून फोटोशॉपमध्ये नेताना ८ बिट गेलंय. तुमचं आकाश ५५ ते ७० टक्क्यांच्या मध्येच आहे. ८ बिटमध्ये एवढ्या टप्प्याला जेमतेम ३८ पायऱ्या मिळतात. १४०० पिक्सेल उंचीवर त्या पसरल्या की एक पायरी ३७ पिक्सेलची होते. त्यावर कर्व्ह आणि डॉज-बर्न केलं की काही पायऱ्या गळतात आणि उरलेल्या दिसू लागतात. लाइटरूमच्या प्राधान्यांत (प्रेफरन्सेस) १६ बिट टिफ करा आणि थर पुन्हा त्यावर आणा. आताच्या फाईलचं मोड बदलून उपयोग नाही, गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. शेवटी आकाशावर अगदी बारीक ग्रेन टाका, अमाउंट ८, साईझ १५. जेपेग शेवटी ८ बिटच असतं, तिथे हा कण पायऱ्यांच्या कडा मोडतो.

स्क्रीनचा उजेडही मोजून घ्या. १०० ते १२० निट्सच्या (स्क्रीनच्या उजेडाचं एकक) आसपास ठेवा. त्याहून झगझगीत स्क्रीनवर एडिट केलेले फोटो इतरांकडे काळवंडलेले दिसतात.

वाळूरेषा

१६ बिटमध्ये पुन्हा केलं, एसआरजीबीत काढलं. पट्टे गेले, रंग जुळले. शिखरावर लाल ९३, सावली २४. आडवा आणि उभा दोन्ही जोडलेत.

दोनतृतीयांश

आडवाच. पण उभा पाहिल्यावर निळीसावली काय म्हणत होत्या ते कळलं, धार तिथे जास्त बोलते.

कडबारीक

धार स्वच्छ, पांढरी रेघ नाही. चारातला एक धुळीचा ठिपका मात्र राहिलाय: आडव्या फोटोत वरच्या उजव्या कोपऱ्यापासून साधारण ३०० पिक्सेल आत, १८० खाली. ठिपके काढायच्या साधनात व्हिज्युअलाइझ स्पॉट्स चालू करा, दिसेल.